मोठ्या बायकांचा डोंगर

हातातलं काम चालू ठेवा, भाजी निवडत असाल तर निवडा, फक्त कान इकडे द्या. आज मी तुम्हाला एका डोंगराची गोष्ट सांगणार आहे. डोंगर आपल्याकडचा नाही. तो आहे दूर स्कॉटलंडमध्ये, समुद्रातल्या एका लहानशा बेटावर. बेटाचं नाव एग आणि डोंगराचं नाव अन स्गूर.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय डोंगर कमी आहेत? कमी नाहीत. पण या डोंगरावर एक तळं आहे आणि त्या तळ्याचं नाव आहे ‘मोठ्या बायकांचं तळं’. जगात राजांची, देवांची, संतांची नावं असलेले डोंगर पुष्कळ आहेत. बायकांच्या नावाचं तळं आणि त्यावरून अख्ख्या बेटाला पडलेलं टोपणनाव, असं मात्र क्वचितच आढळतं. या बायका कोण, त्या ‘मोठ्या’ का, आणि त्यांच्या डोंगराचं पुढे काय झालं, हे आपण आज बघू. सुरुवात मात्र दगडापासून करावी लागेल, कारण डोंगराची गोष्ट दगडापासूनच सुरू होते.

आधी ठिकाण समजून घेऊ. नकाशात ब्रिटन बघा. त्याचा वरचा भाग म्हणजे स्कॉटलंड. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला समुद्राने असं कुरतडलंय की पापडाची कड तुटावी तशी शेकडो बेटं विखुरलेली दिसतात. त्यांना हेब्रिडीज म्हणतात. त्यातली चार बेटं एकमेकांजवळ आहेत : रम, एग, मक आणि कॅना. या चौघांना मिळून तिकडे ‘छोटी बेटं’ असंच म्हणतात. एग हे नाव ऐकून इंग्रजीतलं अंडं आठवेल, पण त्याचा अंड्याशी संबंध नाही. तिथली जुनी भाषा गेलिक. त्या भाषेतल्या ‘खाच’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं असं मानतात. बेटाला मधोमध एक खोलगट भाग आहे. समुद्रावरून पाहिलं की दोन उंचवट्यांच्या मध्ये खाच पडल्यासारखी दिसते.

बेट किती मोठं? उत्तर-दक्षिण साधारण नऊ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम पाच किलोमीटर. सकाळी निघालेली बाई संध्याकाळपर्यंत या टोकाहून त्या टोकाला जाऊन परत येईल. मॅलेग नावाच्या बंदरातून बोट सुटते, ती एगच्या धक्क्याला लागते. बेटावर वस्ती आहे शंभराच्या थोडी वर. एक दुकान, एक लहान शाळा, धक्क्याजवळ चहा-कॉफीची जागा. उत्तर टोकाजवळच्या एका किनाऱ्यावरची वाळू अशी आहे की कोरडी असताना तिच्यावरून पाय घासत चाललं तर ती किंचाळल्यासारखा आवाज करते. गारगोटीचे गोल, एकसारखे कण एकमेकांवर घासले जातात, त्याचा तो आवाज. तिला ‘गाणारी वाळू’ म्हणतात.

हवा म्हणाल तर पाऊस आणि वारा, वारा आणि पाऊस. पण बेट इतकं उत्तरेला असूनही समुद्रातून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे थंडी हाडं गोठवणारी नसते. जूनमध्ये रात्री दहा वाजले तरी उजेड असतो, आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच दिवेलागण होते.

या बेटाच्या दक्षिण भागात आपला डोंगर उभा आहे. उंची ३९३ मीटर. आकडा ऐकून हसू नका. आपल्याला हजार-दीड हजार मीटरच्या गडांची सवय आहे. पण हा डोंगर थेट समुद्राच्या पातळीपासून उठतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा फार मोठा वाटतो. धक्क्यावर उतरल्यावर समोर दिसतो तो काळाभोर, उभा, शंभर मीटरहून उंच कडा. एखाद्या प्रचंड जहाजाचं नाक आपल्या अंगावर येतंय असं वाटावं. त्या टोकाला ‘नाक’च म्हणतात. प्रत्यक्षात तो सुळका नाहीच. मागे पश्चिमेकडे त्याची लांबट धार पसरत गेलेली आहे. समोरून सुळका आणि बाजूने भिंत, असा त्याचा प्रकार.

आता हा दगड आला कुठून?

बेटाच्या तळाशी आहेत जुने गाळाचे खडक, म्हणजे चिखल आणि वाळू थरावर थर साचून झालेले. त्यातले काही सुमारे १६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा इथे उथळ समुद्र आणि खाड्या होत्या. त्या पाण्यात लांब मानेचे मोठे जलचर सरपटणारे प्राणी राहत. त्यांची हाडं एगच्या किनाऱ्यावर सापडली. ती शोधणारा ह्यू मिलर हा माणूस मूळचा पाथरवट. दगड फोडता फोडता दगड वाचायला शिकला आणि पुढे स्कॉटलंडचा नावाजलेला लेखक झाला. १८४४ साली तो एगला आला. त्याच्या मृत्यूनंतर त्याचं उरलेलं लिखाण पुस्तकरूपाने लोकांसमोर यावं म्हणून त्याची पत्नी लिडिया हिने खूप कष्ट घेतले. एगच्या सफरीचं पुस्तक १८५८ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर आलं.

त्याच किनाऱ्यावर अगदी अलीकडे आणखी एक शोध लागला, आणि तो एका बाईने लावला. एल्सा पँचिरोली या जीवाश्मशास्त्रज्ञ एगच्या किनाऱ्यावरून घाईने चालल्या होत्या, आणि खडकात अडकलेलं एक हाड त्यांना दिसलं. ते डायनोसॉरचं, पाठीवर तकट्यांची रांग असणाऱ्या जातीच्या जवळच्या एका प्राण्याच्या मागच्या पायाचं निघालं. २०२० साली ही माहिती प्रसिद्ध झाली. तोपर्यंत स्कॉटलंडमध्ये डायनोसॉरची हाडं शेजारच्या स्काय बेटावरच मिळाली होती. मिलर त्याच किनाऱ्यावर हिंडला होता, त्याच्यानंतर कितीजण हिंडले, आणि ते हाड दिसलं एल्साला. डोळस माणसाला वाटेतला दगडसुद्धा काही सांगतो.

या गाळाच्या खडकांवर सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला. तेव्हा युरोप आणि उत्तर अमेरिका एकमेकांपासून दूर सरकू लागले होते, मध्ये अटलांटिक समुद्र उघडत होता. जमीन ताणली गेली, फाटली आणि भेगांतून लाव्हा येत राहिला. एक थर, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. थंड झाल्यावर त्याचा झाला काळा बेसाल्ट.

इथे तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. आपल्या पायाखालचा काळा कातळही असाच झाला, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांकडे बघितलं की लाव्ह्याचे थर मोजता येतात. एगच्या उत्तर भागातही तसेच थर दिसतात. दोन्ही उद्रेक वेगळे, जागा वेगळ्या, मध्ये सुमारे साठ लाख वर्षांचं अंतर. पण जात एकच. आपला पाटा-वरवंटा आणि एगच्या बायांच्या घराच्या भिंती, दोन्ही एकाच जातीच्या दगडाच्या.

मात्र अन स्गूरचा माथा बेसाल्टचा नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. लाव्हा थंड झाल्यावर त्यावर पाऊस पडला, नद्या वाहू लागल्या. एका नदीने बेसाल्टमध्ये खोल दरी कोरली. दरीच्या तळाशी गोटे साचले, लाकडं वाहून आली. मग सुमारे ५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी पुन्हा एक उद्रेक झाला आणि तप्त, दाट, चिकट द्रव्याने ती दरी भरून गेली. त्याचा जो दगड झाला त्याला पिचस्टोन म्हणतात. पिच म्हणजे डांबर. डांबरासारखा काळा, फोडला तर काचेसारखी चमक असलेला हा दगड एक प्रकारची नैसर्गिक काचच आहे. थंड होताना तो आक्रसला आणि त्याला उभ्या चिरा गेल्या. म्हणून आज कडा पाहिला तर खांबांची ओळ उभी केल्यासारखी वाटते. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल पाहिली असेल, माथ्यावर गावदेवीचं देऊळ असलेली. तिथले खांब बेसाल्टचे आहेत, पण घडण्याची रीत तीच.

आता कल्पना करा. मातीच्या साच्यात काही ओतलं, ते घट्ट झालं आणि मग पावसाने साचा विरघळून गेला. काय उरेल? ओतलेली वस्तू. तसंच झालं. दरीच्या दोन्ही बाजूंचा बेसाल्ट लाखो वर्षांत झिजून गेला. पिचस्टोन चिवट, तो झिजला नाही. म्हणजे जी जागा एके काळी सर्वांत खोल होती, तीच आज सर्वांत उंच आहे. दरीचा डोंगर झाला. कड्याच्या पायथ्याशी आजही त्या जुन्या नदीचे गोटे दिसतात आणि तिथे दगड बनलेल्या लाकडाचे तुकडे सापडले आहेत.

ही उकल आर्चिबाल्ड गिकी या भूवैज्ञानिकाने १८६०च्या दशकात मांडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड हार्कर यांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं, हा दगड दरीत ओतला गेला नाही, तो जमिनीखालूनच थरांमध्ये घुसला. १९१४ साली बेली यांनी पुन्हा सगळं तपासलं आणि गिकींची बाजू घेतली. अलीकडच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली आहे. ते म्हणतात, दरी भरली हे खरं, पण भरणारा वाहता लाव्हा नसून तप्त राखेचा आणि वायूंचा लोट असावा, जो खाली बसल्यावर स्वतःच्याच उष्णतेने वितळून एकजीव झाला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं माणसं एका डोंगरावर वाद घालतायत, आणि प्रत्येक वादातून डोंगर थोडा जास्त कळतोय. आपल्या घरातल्या वादांचंही असं झालं तर किती बरं होईल!

आता दगडावरून माणसांकडे येऊ.

डोंगरावर जाण्याची वाट पूर्वेच्या नाकावरून नाही. तिथे तर भिंतच आहे. वाट उत्तरेच्या बाजूने कड्याखालून जाते, मग एका घळीतून वर चढते आणि माथ्याच्या धारेवर येते. आणि माथ्यावर पश्चिमेच्या बाजूला काय दिसतं? एक जुनी, ढासळलेली, जाड दगडी भिंत. हा लोहयुगातला किल्ला, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा.

गड पाहिलेल्या बाईला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. जिथे कडा आहे तिथे तट कशाला? तीन बाजूंनी निसर्गानेच तट बांधून दिलाय. जिथून माणूस चढून येऊ शकतो तेवढीच बाजू भिंतीने अडवली की झालं. आपल्या सह्याद्रीतल्या गडांवर हाच हिशोब दिसतो. हजारो किलोमीटर अंतरावरच्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांनी काळ्या कड्याकडे पाहून एकच विचार केला.

माथ्यावरून काय दिसतं? वायव्येला रम बेटाचे आणि उत्तरेला स्कायचे डोंगर, नैर्ऋत्येला मक, पूर्वेला मुख्य भूमी. येणारी प्रत्येक होडी दिसते. पण तिथे रोज राहायचं म्हणजे वारा अंगावर घ्यायचा, जळण वर न्यायचं. म्हणून संकट आल्यावर गुरं-लेकरं घेऊन चढायची ती जागा असावी, असं वाटतं.

किल्ल्याच्या पश्चिमेला, याच डोंगराच्या अंगावर, खडकांच्या खळग्यांत लहान लहान तळी आहेत. त्यातलं एक म्हणजे लॉख नाम बान मोर, ‘मोठ्या बायकांचं तळं’. तळ्यात एक चिमुकलं बेट आहे, त्यावर जुन्या बांधकामाच्या खुणा आहेत. लोक सांगत की तिथे जायला पाण्यात दगड टाकलेले होते, पण ते एकमेकांपासून इतके लांब की साध्या बाईची ढांग पुरणार नाही. तिथे राहणाऱ्या बायका तेवढ्या धिप्पाड होत्या!

आता त्या बायकांची गोष्ट. सहाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमधून ख्रिस्ती साधू या बेटांवर येत होते. त्यांतला डोनन नावाचा एक साधू आपल्या सोबत्यांसह एगला आला आणि त्याने पूर्व किनाऱ्यावर मठ उभारला. त्या जागेला आजही किलडोनन, म्हणजे ‘डोननचं देऊळ’ म्हणतात. १७ एप्रिल ६१७ या दिवशी डोनन आणि त्याचे सगळे सोबती मारले गेले.

कोणी मारलं? इथे जरा लक्ष द्या, कारण गोष्ट कशी वाढत जाते ते बघण्यासारखं आहे.

आयर्लंडच्या जुन्या वार्षिक नोंदींत या घटनेची फक्त एक ओळ आहे : एगच्या डोननला सोबत्यांसह जाळलं. कोणी आणि का, ते नाही. सोबत्यांचा आकडाही सगळीकडे सारखा नाही. कुठे ५२, कुठे दीडशे. पुढे काही शतकांनी संतांच्या स्मरणदिनांच्या एका ग्रंथाला टीपा जोडल्या गेल्या. त्या टीपांत एक राणी येते. तिची मेंढरं या बेटावर चरत असत. साधू आले, बसले, कुरण गेलं. राणी रागावली आणि तिने त्यांना मारायला सांगितलं. त्यानंतर बेटावरच्या लोककथेत आली बायकांची फौज. बेटावरची माणसं साधूंवर हात उचलायला तयार होईनात, म्हणून राणीने मुख्य भूमीवरून आपल्या धिप्पाड लढवय्या बायका पाठवल्या. त्यांनी काम केलं. पण त्या रात्री मठाच्या जागी अद्भुत दिवे दिसू लागले. बायका भारल्यासारख्या त्या दिव्यांमागे डोंगर चढत गेल्या, तळ्यात उतरल्या आणि बुडाल्या. म्हणून ते मोठ्या बायकांचं तळं.

म्हणजे पहिल्या नोंदीत बाई नाहीच. मग एक राणी आली. मग राणीची फौज आली. आणि शेवटी त्या फौजेला पाण्यात बुडवून शिक्षाही दिली गेली. गावोगावच्या कथांत हे आपण पाहतो. जबाबदार कोण हे ठाऊक नसलं की बोट एखाद्या बाईकडे वळतं.

पण गोष्ट टाकूनही देऊ नये. कथेच्या सालपटाखाली एक गर असतो. इथे तो गर मला दिसतो कुरणात. राणी चेटकीण नव्हती, राक्षसीण नव्हती. तिची तक्रार साधी होती : इथे माझी मेंढरं चरतात आणि मला न विचारता ही माणसं येऊन बसली. खून तो खूनच, त्याचं समर्थन कोणी करू नये. पण गोष्ट सांगणाऱ्यांना एका बाईच्या मालकीचं कुरण असणं अशक्य वाटलं नाही, हेही ध्यानात ठेवावं. धर्माच्या रंगाने रंगवलेल्या या कथेच्या बुडाशी जमिनीचा वाद आहे.

या बायकांची स्मृती पुसली गेली नाही. मार्टिन मार्टिन नावाच्या लेखकाने या बेटांवर प्रवास करून लिहिलेलं पुस्तक १७०३ साली छापलं गेलं. त्यात तो सांगतो की समुद्रावर असताना लोक एग हे नाव तोंडातून काढत नाहीत, ‘मोठ्या बायकांचं बेट’ असंच म्हणतात. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात, तसंच. होडी पाण्यात, जीव मुठीत. अशा वेळी खरं नाव घेऊन कोणाला जागं कशाला करा? हजार वर्षांनंतरही दर्यावर्दी पुरुष त्या बायकांना बिचकून होते, असं म्हणायला हरकत नाही.

डोनननंतर या समुद्रात उत्तरेकडचे व्हायकिंग आले. आधी लुटायला, मग वसायला. किलडोननजवळ त्यांची दफनं सापडली, त्यात एका तलवारीची नक्षीदार मूठ होती. पुढे बेट क्लॅनरनाल्डच्या मॅकडोनल्ड घराण्याकडे गेलं. १५७७ साली, परंपरा सांगते, स्कायच्या मॅकलाउड लोकांशी वैर पेटलं आणि बेटावरची माणसं दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गुहेत लपली. शत्रूने तोंडाशी आग लावली. धुराने आतली सगळी, सुमारे ३९५ माणसं गुदमरून गेली असं सांगतात. त्यात बायका आणि लेकरं किती असतील, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. ती गुहा आपल्या डोंगरापासून फार लांब नाही.

आणि आता मेंढरांची दुसरी गोष्ट. डोंगराच्या नैर्ऋत्येला, कड्याच्या पायथ्याशी समुद्राकडे उतरणाऱ्या जमिनीवर ग्रूलिन नावाची वस्ती होती. वरची वाडी आणि खालची वाडी. दगडाची घरं, गवताचं छप्पर, बटाटे आणि ओटचे वाफे. १८४१ साली एगवर पाचशेहून अधिक माणसं होती. पण जमीन त्यांची नव्हती. ती होती मालकाची, आणि मालकाने बेट विकत घेतलेलं होतं, जसं आपण ट्रंक विकत घेतो. त्या काळात स्कॉटलंडभर मालकांच्या ध्यानात आलं की कुळांच्या खंडापेक्षा मेंढरांत पैसा जास्त. मग गावंच्या गावं उठवली गेली. १८५३ साली ग्रूलिनची पाळी आली. चौदा कुटुंबांना घरं सोडावी लागली. बहुतेक जण समुद्र ओलांडून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेले. घरांच्या जागी मेंढ्या आल्या.

त्या घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत, छप्पराविना. चूल कुठे होती, दार कुठे होतं, ते कळतं. निघताना त्या बायांनी काय बरोबर घेतलं असेल? बोटीत किती सामान मावतं? तवा घेतला असेल, बी घेतलं असेल, लोकरीची चरखी घेतली असेल. डोंगर घेता येत नाही. धरणाखाली किंवा प्रकल्पात गाव गेलेल्या आपल्या बहिणींना हे जास्त समजेल.

म्हणजे बघा, सातव्या शतकातल्या कथेत राणी म्हणते, माझ्या मेंढरांच्या जागेवर माणसं कशी आली? एकोणिसाव्या शतकात मालक म्हणतो, माणसांच्या जागेवर मेंढरं येऊ द्या. राणीच्या फौजेला कथेने तळ्यात बुडवलं. मालकाला कोणी काही केलं नाही. कागद त्याच्या बाजूने होता.

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. पुढची सुमारे एकशे चाळीस वर्षं बेट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस साठ-पासष्ट माणसं उरली होती. घर दुरुस्त करायचं तर मालकाची परवानगी, आणि उद्या हाकललं जाणार नाही याची हमी नाही. तेव्हा बेटावरच्या लोकांनी ठरवलं, बेट आपणच विकत घ्यायचं. त्यांनी संस्था काढली, वर्गणी मागितली. जगभरातून हजारो लोकांनी लहानमोठ्या रकमा पाठवल्या. सर्वांत मोठी देणगी एका बाईने दिली आणि आपलं नाव गुप्त ठेवायला सांगितलं. सुमारे पंधरा लाख पौंड जमले आणि १२ जून १९९७ रोजी बेट तिथल्या लोकांच्या संस्थेच्या नावावर झालं. तो दिवस तिथे दरवर्षी सणासारखा साजरा होतो. पुढे २००३ साली स्कॉटलंडमध्ये कायदा झाला, गावाने एकत्र येऊन आपली जमीन विकत घेण्याच्या हक्काचा. त्याआधी ज्या गावांनी वाट दाखवली त्यांत एग होतं.

मग त्यांनी वीज केली. मुख्य भूमीवरून तार आणणं परवडणारं नव्हतं, तोवर घरोघरी डिझेलची यंत्रं धडधडत. २००८ साली ओढ्याचं पाणी, वारा आणि ऊन या तिघांवर चालणारी बेटाची स्वतःची वीज सुरू झाली. वारा गिरवणाऱ्या चार पवनचक्क्या अन स्गूरच्याच पायथ्याच्या बाजूला आहेत. नियम एकच : कुठल्याही घराने एका वेळी पाच किलोवॅटपेक्षा जास्त वीज ओढायची नाही. म्हणजे गिझर, ओव्हन आणि कपडे धुण्याचं यंत्र एकदम लावायचं नाही. घर चालवणाऱ्या बाईला हा हिशोब कोणी शिकवावा लागत नाही. आज माणसं परत येतायत, मुलं जन्मतायत, वस्ती शंभरापार गेली आहे.

आणि बेटाचा इतिहास कोणी लिहिला? कमिल ड्रेसलर या मूळच्या फ्रेंच बाईंनी. त्या एगवर येऊन राहिल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी ऐकल्या, कागद धुंडाळले, आणि १९९८ साली त्यांचं पुस्तक आलं. जे बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगत होते, ते छापून ठेवलं गेलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळही डोंगर असेल, टेकडी असेल, निदान एखादं टेपाड असेल. त्यावरच्या पाणवठ्याला नाव असेल. सटवाईचा झरा, जिवबाईचं टाकं, सतीचा माळ, असं काही. आजीला विचारा, हे नाव का पडलं? मग दुसऱ्या आजीला विचारा. दोघी वेगवेगळं सांगतील, दोन्ही लिहून ठेवा. कथेत बाईला दोष दिला असेल तर जरा खरवडून बघा, खाली पाणी, कुरण किंवा जमीन निघते का. आणि वेळ मिळाला की तलाठ्याकडे जाऊन तोही कागद बघा, ती जमीन आज कोणाच्या नावावर आहे. गोष्ट आणि कागद, दोन्ही आपल्याला वाचता आले पाहिजेत.

एगच्या मोठ्या बायका खरोखर किती उंच होत्या हे कोणी मोजलं नाही. पण त्यांच्या नावाचं तळं तिथे आहे, त्यावर वारा वाहतो आहे आणि ज्या डोंगरावर ते आहे, तो आता त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा आहे.

तुमच्या गावच्या डोंगराची, झऱ्याची गोष्ट आम्हाला कळवा. लिहून पाठवा किंवा केंद्रावर येऊन सांगा, आपण ती सगळ्यांना ऐकवू.